पांढऱ्या पट्टीचा अर्थ

निसळ सरांना ओळखत नाही असा चाळिशीतला माणूस नगरच्या सावेडीत शोधूनच काढावा लागेल. चौतीस वर्षं एकाच शाळेत त्यांनी चित्रकला शिकवली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी भाजी आणायला निघाले की कुणीतरी मोटारसायकल थांबवून पाया पडतं. "सर, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली ती तुमच्यामुळं." सर हसतात आणि नाव आठवल्यासारखं करतात.

शामकांत निसळ हा नेटका माणूस. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली तर आत जाऊन सांगणारा. वडील शिक्षक, आजोबा शिक्षक. अपशब्द तर सोडाच, संडासला जायचं असलं तरी त्या घरात 'जरा जाऊन येतो' एवढंच म्हणत. शरीराचं काही बोलायची वेळ आली की सर चष्मा काढून पुसायला लागत. ती त्यांची सवय बायकोला, विजयाबाईंना, चांगली ठाऊक होती.

चित्रं ते जलरंगात काढत. दर दिवाळीच्या सुट्टीत भंडारदऱ्याला जायचं, धरणाचं पाणी, पलीकडचे डोंगर, उतरतं ऊन रंगवायचं. अशी साठ-सत्तर चित्रं कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. प्रदर्शन मात्र कधी झालं नाही. आधी 'निवृत्तीनंतर बघू' म्हणाले, मग 'करोना जाऊ दे' म्हणाले, पुढं काहीच म्हणेनासे झाले.

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास त्यांची जुनी विद्यार्थिनी मधुवंती घरी आली. ती शिल्पं करते. शिष्यवृत्तीवर वर्षभर मेक्सिकोत राहून आलेली. फेब्रुवारीत तिकडचे चार चित्रकार नगरला येणार होते, आपल्या जिल्ह्यातले पाच निवडायचे होते, आणि सगळ्यांचं मिळून एक प्रदर्शन भरणार होतं. नावही ठरलं होतं, 'इथलं-तिथलं'.

"सर, तुमची चित्रं बघायची होती," ती म्हणाली.

सरांनी कपाट उघडलं. एकेक चित्र गादीवर मांडलं. मधुवंतीनं सगळी पाहिली, मनापासून पाहिली. मग म्हणाली, "सुंदर आहेत सर. पण या प्रदर्शनात ती वेगळी पडतील." थोडं थांबून ती पुढं म्हणाली, "मला तुमची दुसरी मदत हवी आहे. तुमचं इंग्रजी, तुमची भाषा. पुस्तिकेतला मजकूर तुम्ही लिहाल? आणि पाहुण्यांसाठी दुभाषी म्हणून थांबाल?"

"हो, का नाही?" सर म्हणाले. चित्रं पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळताना त्यांचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते. विजयाबाईंनी ते पाहिलं.

निवडलेल्या पाच जणांची नावं कळली तेव्हा सरांना खरा घाव बसला. त्यात एक नाव होतं दगडाबाई पालवे. पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कडेची एक वस्ती. आयुष्यभर ऊसतोड केलेली बाई, सहीच्या जागी अंगठा. तिची एक गोधडी मधुवंतीनं कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिली आणि गाडी काढून थेट तिच्या दारात गेली. आता ती गोधडी भिंतीवर लागणार होती. सरांचं भंडारदरा कपाटात राहणार होतं.

मजकूर लिहायचा म्हणून डिसेंबरात सर मधुवंतीबरोबर त्या वस्तीवर गेले. घरं बहुतेक बंद. तरणी माणसं टोळीबरोबर ऊस तोडायला गेलेली, मागं म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि शेरडं. दगडाबाईंचा मुलगा आणि सूनही गेले होते. बाई पंचावन्नच्या असतील, दिसत होत्या सत्तरीच्या. त्यांनी ओट्यावर गोधडी पसरली, सरांना चहा दिला. मधुवंतीनं फोटो काढले आणि तिला फोन आला म्हणून ती बाहेर बांधाकडं गेली.

"सांगा," सर वही उघडून म्हणाले.

"एक पट्टी म्हंजी एक हंगाम, गुरुजी," दगडाबाई म्हणाल्या. "ज्या साली जे लुगडं फाटलं, त्याची पट्टी. ही पयली, संगमनेराकडं गेल्तो तवाची. लगीन त्याच साली झालं. ही कोल्हापूरची. लई पाऊस, पाचटाच्या कोपीत पानी शिरलं हुतं. ही कर्नाटकातली. तिथली बोली कळंना, पानी मागायचं तर हातानं मागायचं. ह्या हिरव्यात रविराज झाला, माझा पोरगा. फडातच झाला, पाचटावर."

टाके बारीक होते, धावदोऱ्याचे, इतके सारखे की सरांनाही मनात कबूल करावं लागलं. अशा तीस-पस्तीस पट्ट्या. पण मध्ये एक पांढरी पट्टी होती. तिच्यावर एकही टाका नव्हता, फक्त कडा शिवलेल्या.

"आणि ही कोरी का ठेवली?"

"त्या साली पिशवी काढली."

"पिशवी?"

"गर्भाची वो." बाईंनी हे भाकरीचं सांगावं तसं सांगितलं. "बत्तीस वर्सांची हुते. पाळी आली का काम हुईना. काम झालं न्हाई का खाडा, आन खाडा पडला का मुकादम बोलतो. समद्या बायका काढीत हुत्या, मी बी काढली. त्या साली फडात गेले न्हाई. काम न्हाई तर टाका कशाचा घालू? म्हनून नुस्ती ठिवली. लिवलं का?"

सर चष्मा पुसत होते. "लिहितो," ते म्हणाले. वहीत त्यांनी लिहिलं, 'पां. पट्टी – शस्त्रक्रिया'. आणि पान उलटलं.

घरी आल्यावर ते दोन दिवस टेबलाशी बसले. हे असं छापायचं? पुस्तिका कलेक्टरांच्या हातात जाणार, परदेशी पाहुण्यांच्या हातात जाणार. नगरची ओळख म्हणून जगाला हे दाखवायचं? शिवाय बाईच्या अब्रूचा प्रश्न होता. तिला काय कळतंय, आपणच सांभाळून घेतलं पाहिजे. असं ते स्वतःला समजावत होते. त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडं मात्र त्यांनी पाहायचं टाळलं. भिंतीवर आपलं चित्र नाही, निदान आपलं वाक्य तरी लोकांच्या लक्षात राहावं.

शेवटी त्यांनी लिहिलं, 'मधली कोरी पट्टी म्हणजे शून्य. अक्षरओळख नसलेल्या या स्त्रीने भारतीय परंपरेतील शून्याची कल्पना सुईदोऱ्याने सहज साकारली आहे.' इंग्रजीतही तेच लिहिलं, 'शून्य' हा शब्द तसाच ठेवून. तीन वेळा वाचलं, आणि त्यांना ते आवडलं.

मधुवंतीचा फोन आला. "सर, अंगावर काटा आला वाचून."

फेब्रुवारीत पाहुणे आले. त्यातली मारिसोल नावाची बाई छापचित्रं करायची. पन्नाशीची, जाड वेणी, बोटांवर लाकूड कोरताना झालेले जुने वण. तिच्या भागातही उसाचे फड आणि साखर कारखाने होते, आणि तिची आजी ऊस तोडायची. साखरेच्या रिकाम्या पोत्यांवर तिनं आजीची चित्रं छापली होती. हातात लांब पातं घेतलेली, पाठीवर मोळी घेतलेली, फडात मूल पोटाशी धरून बसलेली.

उद्घाटनाच्या सकाळी दगडाबाई त्या पोत्यांपुढं आल्या आणि तिथंच थांबल्या.

"ह्यो त्यांचा कोयता व्हय? लई लांब हाय. कंबर कमी वाकत आसंल."

सरांनी इंग्रजीत सांगितलं. मारिसोल खळखळून हसली आणि आजी कशी वाकायची ते वाकून दाखवलं. दगडाबाईंनी मान हलवली, पदर खोचला आणि आपल्याकडं बुडख्यात कसा घाव घालतात ते दाखवलं. मग मोळी कशी बांधायची, डोक्यावर कशी चढवायची. दोघींना आता दुभाष्याची गरज नव्हती. सर बाजूला उभे राहिले.

तेवढ्यात मारिसोलनं पिशवीतून एक गुंडाळी काढली. पोत्याच्या कापडावर छापलेलं एक मोठं काळं वर्तुळ. ती सरांना म्हणाली, "यांना सांगा, मधुवंतीनं पाठवलेला मजकूर मी माझ्या घरी बसून वाचला. शून्याबद्दल वाचलं आणि त्याच आठवड्यात हे कोरलं. हे यांच्यासाठी."

फोटोवाले पुढं आले. दगडाबाईंनी ते कापड दोन्ही हातांनी धरलं.

"हे काय काडलंय गुरुजी? चाक हाय का?"

"शून्य आहे."

"शून्य? मला शून्य कशापायी?"

सगळा हॉल बघत होता. सर घाईनं म्हणाले, "तुमच्या गोधडीचा मान आहे बाई. आभार माना."

बाईंनी कापड काखेत धरून हात जोडले. सर मारिसोलकडं वळून म्हणाले, "त्या म्हणतात, हा माझा सन्मान आहे." मारिसोल मनापासून हसली.

दुपारी जिन्यावर दगडाबाईंनी त्यांना गाठलं. "गुरुजी, पांढऱ्या पट्टीचं सांगितलं ना त्या बाईला?"

"सांगितलं."

"मंग ती ऐकून हसली कशी?"

सर एक पायरी खाली उतरले. "त्यांच्यात तसं असतं," ते म्हणाले.

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग "आसंल बाबा" म्हणून वर गेल्या. त्यांनी विश्वास ठेवला होता. शाळेत गुरुजींनी सांगितलेल्यावर पोरं ठेवतात तसा. सरांना वाटलं, हिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी विजयाबाई पेपर वाचत होत्या. "फोटो आलाय तुमचा," त्या म्हणाल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या, "'ऊसतोड महिलेच्या गोधडीत शून्याचा शोध.' छान आहे की. हे त्या बाईंना सुचलं?"

सरांचा चहा निवत चालला होता. "नाही," ते म्हणाले. आणि मग बशीकडं बघत त्यांनी सगळं सांगितलं. वस्तीवरचा ओटा, वहीतला तो एक शब्द, जिन्यावरचा प्रश्न. 'पिशवी' हा शब्द त्यांनी तेव्हाही उच्चारला नाही. "ते ऑपरेशन" म्हणाले.

विजयाबाईंनी पेपराची घडी घातली. "माझं ते ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही शाळेत काय सांगितलं होतं?"

सर चष्मा काढून पुसू लागले.

"हर्निया," त्या म्हणाल्या. "तुमच्या शाळेतल्या बायका मला भेटायला आल्या, मोसंबी घेऊन. सुरेखाबाईंनी विचारलं, कुठल्या बाजूचा? मला सांगता येईना. मी आपली एकदा डावीकडं हात लावतेय, एकदा उजवीकडं. त्या काय ते समजल्या असणार. मला रडायचं होतं हो, कुणाजवळ तरी. एकवीस वर्षं झाली. पण मला हर्निया झाला होता ना."

त्यांचा आवाज चढला नव्हता. सरांना उठून कुठंतरी जावंसं वाटलं, पण घरात जायला जागा नव्हती. शेवटी ते म्हणाले, "मी आज सगळ्यांसमोर खरं सांगतो. त्यांचंही सांगतो, तुझंही..."

"माझं काही सांगायचं नाही," विजयाबाई ताडकन म्हणाल्या. "मी तुम्हाला सांगायला बसवलेलं नाही. ज्या बाईनं बसवलं तिचं सांगा. तिचं, आणि ती म्हणाली तसं."

त्या दुपारी चित्रकारांच्या गप्पा होत्या. पन्नास-साठ माणसं खुर्च्यांवर, पुढं दगडाबाई आणि मारिसोल शेजारी शेजारी, मध्ये सर. मारिसोल आधी आजीविषयी बोलली. उसाच्या सरीत तिची बाळंतपणं कशी झाली, दोन मुलं तिथंच कशी पुरली, सगळं सरळ बोलली. सरांनी ते मराठीत सांगितलं, शब्द न गाळता. परक्या देशातल्या आजीचं सांगताना त्यांची जीभ अडली नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं आणि मान आणखी खाली गेली.

मग मारिसोल दगडाबाईंकडं वळली. "मला यांना विचारायचंय, हे शून्य तुम्हाला कुठं सापडलं?"

सर उठून उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती. ते दगडाबाईंना म्हणाले, "बाई, मी तुमचं सांगितलंच नाही. दुसरंच लिहिलं."

"काय लिवलं?"

"ती कोरी पट्टी म्हणजे शून्य, असं."

"आन पिशवीचं?"

"नाही सांगितलं."

"का वो?"

दगडाबाईच म्हणाल्या, "लाज वाटली?"

"हो."

"माझी?"

सरांनी चष्म्याकडं हात नेला आणि तसाच खाली घेतला. "हो. तुमची."

"माझी मला न्हाई वाटली सांगताना. तुमाला कशी काय वाटली?"

मारिसोलनं त्यांच्या बाहीला हात लावला. "काय म्हणतात त्या?"

दुभाष्याचं काम कसं करायचं असतं हे सरांना ठाऊक होतं. ते इंग्रजीत म्हणाले, "त्या विचारतात, मला त्यांची लाज वाटली का. मी हो म्हणालो. त्या म्हणतात, मला नाही वाटली, तुम्हाला कशी वाटली." समोरच्या रांगेत त्यांचे तीन जुने विद्यार्थी बसले होते. मधुवंती भिंतीला टेकून उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले होते.

"आता सांगा," दगडाबाई म्हणाल्या. "मी बोलते तसं. मधी आपलं काय घालू नगा."

त्यांनी पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली. सर मागून वाक्य वाक्य सांगत गेले. संगमनेर, कोल्हापूर, कर्नाटक. पाचटावरचं बाळंतपण. पांढऱ्या पट्टीशी आल्यावर बाईंनी तेच सांगितलं जे ओट्यावर सांगितलं होतं. सरांना इंग्रजी शब्द येत होता, पण तो बाहेर पडेना. बाई थांबून राहिल्या. त्यांनी घाई केली नाही, मदतही केली नाही. मग सरांनी तो शब्द म्हटला. पाळी, खाडा, मुकादम, सगळं म्हटलं. "काम नाही तर टाका कशाचा घालू," हे त्यांनी शेवटी सांगितलं आणि ते खाली बसले.

मारिसोलनं मान वळवून गोधडीकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला ते शून्य फार आवडलं होतं. हिंदुस्थान म्हटल्यावर मला तसंच काहीतरी ऐकायचं होतं, म्हणून आवडलं. माझीही चूक आहे, सांगा त्यांना." सरांनी सांगितलं.

पुढं जे झालं त्याची सरांनी अपेक्षा केली नव्हती. कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजवू लागला. एक प्राध्यापक पुढं येऊन त्यांचा हात धरून म्हणाले, "काय प्रांजळपणा! हे धाडस आजकाल कोण दाखवतं?" दोघं-तिघं पाया पडले. एकानं त्यांच्याबरोबर मोबाईलवर फोटो काढला. माणसांच्या खांद्यांवरून सरांना दिसलं, दगडाबाईंकडं कुणीच गेलेलं नव्हतं. मारिसोल तेवढी त्यांचा हात हातात घेऊन बसली होती. आपण खरं बोललो तेही आपल्याच खात्यावर जमा झालं, आणि कुणीतरी तोंडावर थुंकल्यासारखं त्यांना वाटलं.

हॉल रिकामा झाल्यावर ते मधुवंतीकडं गेले. ती म्हणाली, "मी त्यांना स्वतः विचारायला हवं होतं सर. पण तुम्ही लिहिलं होतं. तुम्ही सर होतात." ती 'होतात' म्हणाली, ते तिच्याही लक्षात आलं असावं. मग तिनं विचारलं, "या छापलेल्या पुस्तिकांचं काय करू?"

पुढचे तीन दिवस निसळ सर हॉलच्या दाराशी टेबल टाकून बसले. उरलेल्या प्रत्येक पुस्तिकेतल्या त्या दोन ओळी काळ्या शाईनं खोडायच्या आणि शेजारच्या कोऱ्या जागेत दगडाबाईंचे शब्द लिहायचे. 'हुतं' ला 'होतं' करायचं नाही, 'न्हाई' ला 'नाही' करायचं नाही. तिसऱ्या दिवशी विजयाबाई आल्या. गोधडीपुढं कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, दगडाबाईंशी कोपऱ्यात बसून काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते सरांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. परत जाताना त्या टेबलाशी थांबल्या. "पाणी प्यालात का?" एवढंच म्हणाल्या.

प्रदर्शन संपलं तेव्हा दगडाबाईंना माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायला सर गेले. गोधडी मुंबईच्या एका माणसानं मागितली होती, बाईंनी दिली नाही. नातीच्या लग्नात द्यायची ठरलेली होती. मारिसोलचं कापड मात्र त्यांनी घडी करून पिशवीत घातलं होतं.

"पोत्याचं हाय, पन विणलेलं घट्ट हाय," त्या म्हणाल्या. "नव्या गोधडीला आतून लावीन."

पाथर्डीची गाडी लागली. सरांनी गठुडं खिडकीतून आत दिलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, माफी मागायची होती. हॉलमध्ये सगळं बोलून झालं होतं, पण माफीचा शब्द तेवढा राहून गेला होता.

"बाई, माझं फार चुकलं," ते म्हणाले.

"चुकलंच की," दगडाबाई खिडकीतून म्हणाल्या. "म्होरं कुनी आलं लिवाया, तर मी माझ्या नातीला बसवीन. अश्विनी बारावीला हाय, तिला येतं विंग्रजी. तुमी नगा येऊ, गुरुजी."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. उद्या पाणी कोण भरणार हे ठरवावं तसं त्यांनी ठरवलं होतं.

"बरं," सर म्हणाले.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. सर फलाटावरून खाली उतरले. घरापर्यंत रिक्षा मिळत होती, पण ते चालत निघाले.